मीठ कुणाचं, बातमी कुणाची

संजय हा हस्तिनापूरच्या दरबारातला पगारी माणूस होता, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. टीव्हीवरच्या महाभारताने त्याला आंधळ्या राजाशेजारी बसवून धावतं समालोचन करायला लावलं. मूळ ग्रंथातला संजय बराच वेगळा आहे. भीष्मपर्वात तो रणांगणावरून धावतपळत येतो, भीष्म पडले ही बातमी आधी सांगतो आणि मग मागचे दहा दिवस उलगडत बसतो. गीतासुद्धा या मागे वळून सांगण्यातच येते. शल्यपर्वात सात्यकी त्याला पकडून मारायला निघतो. व्यास मध्ये पडतात म्हणून तो वाचतो. दिव्यदृष्टी मिळालेली असली तरी गडी फील्डवर होता.

पण त्याची खरी कसोटी लागली ती युद्धाआधी, उद्योगपर्वात. धृतराष्ट्राने त्याला निरोप घेऊन उपप्लव्यला पांडवांकडे धाडलं. निरोपात गोडवा भरपूर होता. तुम्ही धर्मशील आहात, युद्धाने कुळाचा नाश होईल, शांतता राखा. अर्धं राज्य परत देणार की नाही, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. कंपन्यांमध्ये अशा मेल दर महिन्याला निघतात. संजयने निरोप इमानाने पोचवला आणि वर पदरची भरही घातली: युद्धाने मिळवलेल्या राज्यापेक्षा अंधक-वृष्णींच्या देशात भिक्षा मागून राहणं बरं, असं तो वनवास भोगून आलेल्या युधिष्ठिराला ऐकवतो. कृष्णाने त्याला तिथल्या तिथे सुनावलं. युधिष्ठिराने शांतपणे पाच गावांची मागणी त्याच्याच हाती दिली.

रात्री संजय हस्तिनापुरात परतला. रथाच्या प्रवासाने अंग आंबलंय, पांडवांचं म्हणणं उद्या सभेत सगळ्यांसमोर सांगेन, असं म्हणून त्याने रजा मागितली. पण जाण्याआधी एकांतात धन्याला तोंडावर सांगितलं की मुलाच्या नादी लागून तू चालवलंयस ते पाप आहे आणि जग बोल लावेल तो तुला. राजाची झोप उडाली, त्याने विदुराला बोलावणं धाडलं. विदुरनीती सांगितली गेली ती याच रात्री. सकाळी भरसभेत संजयने पांडवांचा निरोप, अर्जुनाच्या इशाऱ्यांसकट, जसाच्या तसा मांडला.

बाहेर धन्याची बाजू, एकांतात धन्याची चूक आणि सभेत समोरच्याचं म्हणणं. एकाच नोकराच्या या तीन बोलींत खरा संजय कोणता? त्याचं मीठ धृतराष्ट्राचं होतं, मग बातमी कुणाची होती?

वर्तमानपत्र सोडून मोठ्या कंपनीच्या ‘इंटर्नल कम्युनिकेशन’ खात्यात गेलेल्या माणसाला हा प्रश्न पुराणातला वाटत नाही. जाण्याची कारणं उघड आहेत आणि त्यांत लाजण्यासारखं काही नाही. पत्रकारांच्या वेतनासाठीच्या मजिठिया आयोगाच्या शिफारशी केंद्राने 2011 मध्ये अधिसूचित केल्या, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तरी पुढची कित्येक वर्षं पत्रकार थकबाकीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले आणि नव्या नेमणुका कंत्राटावर होत गेल्या. मुलांची फी, घराचा हप्ता, रात्री दोनला पान सोडून घरी येण्याचा कंटाळा. त्यात एखाद्या बँकेकडून किंवा वाहन कंपनीकडून फोन येतो. आपल्याकडे पन्नास हजार माणसं आहेत, त्यांना साध्या भाषेत काही सांगता येत नाही, तुम्ही या.

माणूस जातो. डेस्कवरचे जुने लोक चहा पिताना म्हणतात, ‘गेला, विकला गेला.’ या शेऱ्यात जरा ढोंग आहे. विक्रीला काढलेल्या बातम्यांवर खुद्द प्रेस कौन्सिलला 2010 मध्ये उपसमितीचा अहवाल घ्यावा लागला होता. तेव्हा सत्य फक्त वर्तमानपत्राच्या इमारतीत राहतं आणि लिफ्टने खाली आलं की बाटतं, असं मानण्यात अर्थ नाही. पण शेऱ्यात जरा तथ्यही आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण उगाच पडलेली नाही. युद्धाच्या पहिल्या दिवशी युधिष्ठिर आशीर्वाद घ्यायला आला, तेव्हा भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य या चौघांनीही एकच कबुली दिली: आम्ही कौरवांच्या पैशाने बांधलेले आहोत. इतकी मोठी माणसं, आणि सबब पगाराची.

नव्या नोकरीत पहिली जाते ती बायलाइन. लिहायचं असतं एमडींचं दिवाळीचं पत्र, कारखान्यात अपघात झाला तर तासाभरात पाठवायची मेल, टाउनहॉलमध्ये येऊ शकणाऱ्या अवघड प्रश्नांची आधीच तयार ठेवायची उत्तरं. मजकूर एचआरकडे जातो, तिथून लीगलकडे, तिथून वरच्या मजल्यावर. प्रत्येक टेबलावर एखादं क्रियापद मऊ होतं. ‘बंद करणार’चं ‘पुनर्रचना करत आहोत’ होतं, आणि कोण करणार, हा कर्ता वाक्यातून हळूच निघून जातो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर आणखी एक पेच असतो. महत्त्वाची घडामोड आधी शेअर बाजाराला कळवावी लागते, त्यामुळे आपलं युनिट विकलं जातंय ही बातमी कामगाराला अनेकदा मेलच्या आधी टीव्हीच्या पट्टीवर दिसते. मेल सकाळीच लिहून तयार असते. पाठवायची परवानगी नसते.

या वाटेने गेलेल्यांचा आद्यपुरुष म्हणून अमेरिकेतल्या आयव्ही ली याचं नाव घ्यावं लागेल. 1877 मध्ये जॉर्जिया राज्यात एका मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला हा मुलगा न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत वार्ताहर झाला, पगार पुरेना म्हणून प्रसिद्धीच्या धंद्यात उतरला, आणि 1906 मध्ये कोळसा खाणमालकांचं काम घेताना त्याने संपादकांना आपल्या तत्त्वांचं एक निवेदन पाठवलं. आमचं काम उघड आहे, आम्ही देतो त्या माहितीतला कोणताही तपशील कुणाही संपादकाला तपासून पाहायचा असेल तर आम्ही आनंदाने मदत करू, अशा आशयाचं. धर्मोपदेशकाच्या मुलाला शोभेल असंच ते होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात पडून पन्नासहून अधिक माणसं मेली, तेव्हा लीने अपघात दडवण्याची रेल्वेवाल्यांची रीत मोडून पत्रकारांना जागेवर न्यायची सोय केली. इथवर सगळं छान.

मग 1914 साल आलं. कोलोरॅडोत लडलो इथे रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातल्या खाण कंपनीविरुद्ध संपावर गेलेले कामगार बायकापोरांसह तंबूत राहत होते. 20 एप्रिलला राज्याच्या सैन्याने आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी त्या वस्तीवर गोळीबार केला, तंबू पेटवले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेली. देशभर संताप उसळला. रॉकफेलरांनी लीला बोलावलं. त्याने संपाविषयीची ‘तथ्यं’ सांगणारी पत्रकं छापून देशातल्या वजनदार लोकांना पाठवायला सुरुवात केली. त्यांत युनियनच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे भलतेच फुगवलेले होते. पुढच्या वर्षी औद्योगिक संबंधांच्या सरकारी चौकशी आयोगापुढे लीची साक्ष झाली. पत्रकांतली माहिती खरी आहे की नाही हे पाहायला तुम्ही काय केलं, असं त्याला विचारलं गेलं. काही नाही, खाणमालकांनी दिली तीच आपण पुढे दिली, हे त्याच्या तोंडून बाहेर आलं. अप्टन सिंक्लेअरने त्याला ‘पॉयझन आयव्ही’ हे नाव ठेवलं, ते जन्माचं चिकटलं.

लीवरचा नेहमीचा आरोप असा की त्याने श्रीमंतांची बाजू घेतली. पण बाजू तर वकीलही घेतो. लीने टाकून दिली ती एक साधी, कंटाळवाणी सवय: आकडा हाती आला की दुसऱ्या ठिकाणी फोन लावून विचारायचा. वर्तमानपत्राच्या डेस्कवर नवख्या उपसंपादकाला पहिल्या आठवड्यात हीच सवय शिव्या खाऊन लागते. संपादकांनी खुशाल तपासून पाहावं असं 1906 मध्ये लिहून देणाऱ्याने 1914 मध्ये स्वतः तपासलं नाही. निष्ठा बदलली म्हणून तो घसरला, यापेक्षा त्याने तपासणं सोडलं म्हणून घसरला, हे म्हणणं जास्त नेमकं आहे.

निष्ठेचा प्रश्न तरी उरतोच. तो सर्वांत रोखठोकपणे मांडला इमॅन्युएल कांटने, आणि तोही एका मासिकात. बर्लिनच्या मासिकाच्या डिसेंबर 1784 च्या अंकात ‘प्रबोधन म्हणजे काय’ या प्रश्नाला त्याने जे उत्तर दिलं त्यात बुद्धीच्या वापराचे दोन भाग पाडले. माणूस अभ्यासक म्हणून वाचणाऱ्या जगापुढे बोलतो तो जाहीर वापर. त्यावर कुणाचंही बंधन नको. माणूस पदावर बसून पदाचं काम म्हणून बोलतो तो खासगी वापर. त्यावर बंधन आलं तरी चालेल. आपल्या बोलीत हे उलटं वाटेल, सरकारी खुर्चीतलं बोलणं खासगी कसं? कांटने उदाहरण दिलं ते धर्मोपदेशकाचं. चर्चने नेमलेला उपदेशक मंडळीपुढे चर्चची शिकवण सांगतो, ‘आमचं चर्च असं म्हणतं’ या पद्धतीने. त्याच शिकवणीतल्या चुका तो अभ्यासक म्हणून छापू शकतो, नव्हे, छापाव्यात. जमाव कितीही मोठा असला तरी ती घरातली बैठक, असं कांटचं म्हणणं. पन्नास हजार कर्मचाऱ्यांना जाणारी मेल या हिशेबाने खासगीच ठरते. आणि एक मर्यादा त्याने आखून दिली: जे सांगावं लागतं ते आपल्या आतल्या धर्माच्या थेट विरुद्ध आहे असं उपदेशकाला वाटू लागलं, तर त्याने राजीनामा द्यावा.

मराठीत ही वाटणी कुणी कांट न वाचता जगून दाखवली असेल तर गोपाळ हरी देशमुखांनी. कंपनी सरकारची चाकरी करत असतानाच 1848 पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने त्यांनी पत्रं लिहिली आणि स्वतःच्याच समाजाची सालटी काढली. कचेरीत सरकारचं काम, छापखान्यात स्वतःची बुद्धी. आजच्या कंपनीत हे जमेल का? नेमणूकपत्रातलं सोशल मीडियाचं कलम वाचलं की उत्तर मिळतं.

खुद्द कांटलाही ते पुढे जड गेलं. 1794 मध्ये प्रशियाच्या राजाने धर्मावरच्या लेखनाबद्दल त्याला तंबी दिली. कांटने लिहून दिलं की महाराजांचा निष्ठावान प्रजाजन म्हणून यापुढे आपण धर्मावर जाहीरपणे बोलणार-लिहिणार नाही. 1797 मध्ये राजा वारला, आणि पुढच्याच वर्षी कांटने धर्मावर पुन्हा छापलं, वर प्रस्तावनेत खुलासा केला की ते शब्द आपण मुद्दाम निवडले होते. वचन त्या राजाच्या हयातीपुरतंच होतं. खोटं बोलण्याचा हक्क कुणालाच, कधीच नाही म्हणणाऱ्या माणसाने काढलेली ही पळवाट ‘नरो वा कुंजरो वा’च्या बरीच जवळ जाते. फरक आहे, तो मान्य करायला हवा. कांट गप्प राहिला. युधिष्ठिराच्या अर्ध्या वाक्यावर विसंबून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं.

हाच फरक इथे महत्त्वाचा. गप्प राहण्याचे पैसे घेता येतात. गुपित सांभाळणं हा डॉक्टर, वकील, कंपनी सेक्रेटरी या सगळ्यांच्या कामाचा भाग आहे आणि कंपनीचा लेखनिकही त्यांच्यातलाच. पण जे सांगितलं ते ऐकून कुणीतरी शस्त्र खाली ठेवणार असेल, तर ते खरं आहे का हे पाहण्याची जबाबदारी धन्यावर ढकलता येत नाही. इथे कंपनीतलं लेखन वर्तमानपत्रापेक्षा सोपं नाही, कठीण आहे. वर्तमानपत्राच्या वाचकाला दुसरं वर्तमानपत्र असतं. पटलं नाही तर तो उद्या अंक बंद करतो. कर्मचाऱ्याकडे येणारी मेल एकाच ठिकाणाहून येते, तिच्यावर त्याचा पुढचा महिना ठरतो, आणि त्याला उलटतपासणी करायची सोय जवळपास नसते.

एन्रॉनचं नाव महाराष्ट्राला गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पामुळे ठाऊक आहे. तिकडे ह्यूस्टनमध्ये सप्टेंबर 2001 च्या अखेरीस अध्यक्ष केनेथ ले यांनी कर्मचाऱ्यांशी ऑनलाइन प्रश्नोत्तरं केली. कंपनीचा शेअर या भावात म्हणजे पर्वणी आहे, असं त्यांनी सांगितलं. 2 डिसेंबरला कंपनी दिवाळखोरीत गेली. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीचा निम्म्याहून मोठा भाग याच शेअरमध्ये अडकलेला होता. 2006 मध्ये ज्यूरीने ले यांना दोषी ठरवलं. शिक्षा सुनावण्याआधीच ते वारले आणि त्यामुळे कायद्याने ती दोषसिद्धी रद्द झाली. बाहेरचे गुंतवणूकदार निदान दहा विश्लेषकांचं वाचत होते. आतला माणूस आपल्याच अध्यक्षाचं ऐकत होता. एन्रॉनच्या जाहीर मूल्यांत सचोटी होती, आदर होता, आणि संवादसुद्धा होता.

मनुस्मृतीतला एक श्लोक कचेऱ्यांना फार सोयीचा पडतो: खरं बोलावं, गोड बोलावं, कडू खरं बोलू नये. लोक इथेच थांबतात. त्याच श्लोकात पुढे गोड खोटंही बोलू नये असं आहे, तो भाग सहसा कुणाला पाठ नसतो. पाली वाङ्मयातल्या अभयराजकुमार सुत्तात बुद्धाला हाच पेच घातला जातो. आपल्या शब्दांनी दुसऱ्याला दुखावतोस का, असा दोन्हीकडून अडकवणारा प्रश्न. बुद्धाचं उत्तर वेगळं आहे. खरं आणि हिताचं असेल तर ते कडू असलं तरी तथागत सांगतो, फक्त वेळ पाहून. मनूची सवलत बोलणाऱ्याला आहे, बुद्धाची कसोटी ऐकणाऱ्याच्या हिताची. ‘वेळ पाहून’ याचा अर्थ शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता असा नसावा.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी दिसते? 17 जुलै 2014 रोजी मायक्रोसॉफ्टमधून एकाच दिवशी दोन मेल निघाल्या. सत्या नाडेला यांनी सर्वांना लिहिलेल्या मेलमध्ये अठरा हजारांपर्यंत नोकऱ्या जाणार हे सुरुवातीलाच होतं. नोकियाकडून आलेल्या फोन विभागाचे प्रमुख स्टीफन एलोप यांची मेल ‘हॅलो देअर’ने सुरू झाली. मग रणनीती आली, कोणत्या किमतीचे फोन कुणासाठी हे आलं, उत्पादकता आली, आणि कितीतरी परिच्छेद खाली गेल्यावर, त्यांच्या विभागातले साडेबारा हजार लोक जाणार हे वाक्य आलं. डेस्कवरचा कुठलाही चीफ सब ती कॉपी एलोपसाहेबांच्या अंगावर भिरकावून म्हणाला असता, इंट्रो कुठाय? दोन्ही मेल धन्याच्याच बाजूच्या. दोन्हींत खोटं असं काही नव्हतं. पण एकीने वाचणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगितलं की तुझ्या आयुष्यात काय होतंय, दुसरीने त्याला आधी फोनच्या किमती ऐकवल्या. वर्तमानपत्रातून आलेल्या माणसाचा कंपनीत उपयोग असेल तर तो या जागी: इंट्रो वर ओढायचा, कर्ता वाक्यात परत आणायचा, आणि लीगलच्या टेबलावर त्यासाठी भांडायचं. हरलं तरी भांडण एकांतात झालेलं असतं, संजयसारखं, आणि त्याची बायलाइन मिळत नाही.

कधी कधी असं भांडायची गरजही पडत नाही. बीबीसीचं कर्मचाऱ्यांसाठीचं ‘एरियल’ हे नियतकालिक 1936 पासून निघत होतं आणि त्याच्या पत्रव्यवहाराच्या पानावर कर्मचारी आपल्याच व्यवस्थापनाची यथेच्छ हजामत करत. त्याची छापील आवृत्ती 2011 मध्ये बंद झाली. मराठीतलं उदाहरण तर आणखी चमत्कारिक आहे. औंध संस्थानात माळरानावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्यातून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, कारखान्याच्या मालाची आणि माणसांची खबर देणारं. संपादक शंकरराव किर्लोस्कर मालकांच्याच घरातले. या पत्राचं पुढे महाराष्ट्र वाचू लागला असं मासिक झालं. त्यात रूढींवर कोरडे ओढले गेले, सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध आले, शेजारी 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ उभं राहिलं. एरवी पत्रकार वर्तमानपत्रातून कंपनीकडे जातात. इथे एक कारखान्याचं घरपत्र चालत चालत पत्रकारितेत आलं. मालकच संपादक असल्याने निष्ठा कुणाशी हा घोळच नव्हता, असं कुणी म्हणेल. तसं असेलही. पण नांगर विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुखावू शकेल असा लेख छापताना मालक म्हणून तोटा शंकररावांच्याच घरचा होता.

आजच्या खात्यात कोणती मेल किती जणांनी उघडली, याचा आकडा पडद्यावर दिसतो. एमडींच्या नववर्षाच्या शुभेच्छा दोन दिवसांनीही निम्म्या लोकांनी उघडलेल्या नसतात, आणि कॅन्टीनचे दर वाढल्याची मेल पंधरा मिनिटांत सगळ्यांनी वाचून झालेली असते.